कशेळीची देवघळी: रत्नागिरीहून विजयदुर्गला जाताना थांबावे का, आणि केव्हा थांबावे?

पंचगंगाकाठ

नमस्कार. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला उतरणार आहोत. एक रात्र तिथे काढून दुसऱ्या दिवशी सागरी महामार्गाने पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर असे करत विजयदुर्गला मुक्कामाला जायचे आणि मग गगनबावड्यावरून घरी परतायचे, असा बेत आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे, जो एका जागी उभा राहत नाही.

या वाटेवर राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावाजवळ देवघळी म्हणून समुद्रावर आलेल्या कड्याची जागा आहे, ती आम्हाला पाहायची आहे. दोन नातेवाईक तिथे जाऊन आले आहेत आणि दोघांचे सांगणे अगदी वेगळे आहे. एक म्हणतात की तिथे वाऱ्यापुढे उभे राहवत नाही, म्हाताऱ्या माणसाला नेऊच नका. दुसरे म्हणतात की नुसती झुळूक होती आणि त्यांनी कड्यावर बसून डबा खाल्ला. मग नक्की काय समजायचे? गाडी कुठपर्यंत जाते, दुपारी तासभर थांबून पुढे निघणे योग्य होईल का, खाली दिसणाऱ्या छोट्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उतरता येते का, आणि जेवणाची सोय कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आडिवऱ्याची_वाट

तुमचे दोन्ही नातेवाईक खरे सांगत आहेत. ते बहुधा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तिथे गेले असावेत.

आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात वाऱ्याचे वेळापत्रक ठरलेले असते. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो; तो गार असतो, पण त्याला फारसा जोर नसतो. सूर्य वर आला की सडा, म्हणजे किनाऱ्यावरचे जांभ्याचे पठार, तापू लागतो, वारा पडतो, आणि साधारण अकराच्या पुढे तो उलटा फिरून समुद्राकडून यायला लागतो. दुपारी दोन ते पाच या वेळात हा खारा वारा ऐन भरात असतो आणि सूर्य मावळता मावळता मंदावतो. सकाळी साडेनऊला आलेल्या माणसाला झुळूक भेटते आणि साडेतीनला आलेल्याला डोक्यावरचा रुमाल हाताने धरून ठेवावा लागतो.

त्यात देवघळीचा कडा वाऱ्याला आडवा आहे. समुद्रावरून मोकळा येणारा वारा कड्याच्या भिंतीवर आपटतो, तिथून वर चढतो, आणि अगदी कडेवर त्याचा जोर सर्वांत जास्त लागतो. तिथून वीस-पंचवीस पावले मागे सरकले, एखाद्या करवंदीच्या जाळीच्या आडोशाला बसले, तर तोच वारा सहज सोसवतो. आईंना कडेपर्यंत नेण्याची गरजच नाही. मागे खुर्ची टाकून बसल्या तरी त्यांना उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतचे सगळे पाणी दिसेल. एक गोष्ट मात्र मुलाच्या दृष्टीने लक्षात ठेवा: दुपारचा वारा समोरून येतो आणि माणसाला आत, जमिनीकडे रेटतो, सकाळची मतलई पाठीवर असते आणि तिचा रोख कड्याकडे असतो. वारा कमी आहे म्हणून सकाळी निर्धास्त होऊ नये.

गाडी सड्यावर बऱ्यापैकी जवळपर्यंत जाते, शेवटचा टप्पा पायी आहे. दुपारी गेलात तर गाडीचे तोंड समुद्राकडे करून उभी करा. पाठीमागून वारा लागला तर दार उघडताक्षणी हातातून हिसकले जाते आणि बिजागरी वाकते. समोरून वारा असला की तोच दार दाबून धरतो. काचेवर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर खाऱ्या तुषारांचा थर बसतो, म्हणून पाण्याची एक बाटली आणि सुती फडके हाताशी ठेवा; कोरड्या कापडाने पुसल्यास काचेवर ओरखडे पडतात.

तुमच्या बेताविषयी स्पष्ट सांगतो. ज्या दिवशी रत्नागिरी सोडायची त्याच दिवशी पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे आणि विजयदुर्ग हे सगळे बसवू नका. नकाशावर अंतरे लहान दिसतात, परंतु हा रस्ता सतत खाडीत उतरतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. रत्नागिरी ते कशेळी हे चाळीसेक किलोमीटर असले तरी भाट्याच्या पुलापासून वळणे सुरू होतात आणि न थांबता सव्वा ते दीड तास सहज लागतो. त्यापेक्षा गावखडी, कशेळी किंवा आडिवरे इथे एखाद्या घरगुती निवासात एक रात्र काढा. दुपारी उन्हात कशेळीच्या कनकादित्याचे दर्शन घ्या, कारण देऊळ झाडांच्या सावलीत आहे आणि तिथे आईंना शांत बसता येईल. साडेचारनंतर कड्यावर जा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो.

देवळात जाणे मी केवळ सावलीसाठी सुचवत नाही. देवघळी ही जागा त्या देवळाशी बांधलेली आहे. गावात अशी कथा सांगतात की काठेवाडातल्या प्रभासपट्टणहून आदित्याची मूर्ती घेऊन दक्षिणेकडे निघालेले एका व्यापाऱ्याचे गलबत इथे समुद्रात अडून राहिले, काही केल्या हलेना, तेव्हा मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि मगच गलबत सुटले. पुढे कनकाबाई नावाच्या भाविक स्त्रीला दृष्टान्त झाला, तिने ग्रामस्थांच्या मदतीने मूर्ती वर आणून स्थापन केली, आणि तिच्या नावावरून देव कनकादित्य झाला. त्या गुहेला आजही देवाची खोली म्हणतात. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट या गावचा आहे. सूर्यदेवतेची देवळे आपल्याकडे मुळातच मोजकी आहेत. त्यातले एक असे मावळतीच्या समुद्रालगत उभे आहे. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो आणि त्या दिवसांत गावात राहायला जागा मिळत नाही.

जेवणाविषयी: कड्यावर दुकान आहे असे गृहीत धरू नका. जिथे राहणार तिथे आदल्या दिवशी फोन करून किती माणसे आहेत ते सांगून ठेवा, म्हणजे भात, कुळथाची पिठी, एखादी भाजी किंवा मासे आणि सोलकढी असे साधे जेवण मिळते. आयत्या वेळी गेलेल्या पाहुण्यासाठी घरातल्या बाईला चूल पुन्हा पेटवावी लागते. पेट्रोल रत्नागिरीतच भरून घ्यावे.

खलाशीपुत्र

मी पूर्णगडचा. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे, म्हणून पुळणीवर उतरण्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

देवघळीची पुळण दोन कड्यांच्या मध्ये अडकलेली आहे. गणपतीपुळ्याला किंवा गावखडीला भरती आली तर माणूस मागे सुरूच्या झाडांत सरकतो. इथे मागे सरकायला जागा नाही, मागे भिंत आहे आणि एकच वाट आहे. ती वाट तीव्र उताराची असून तिच्यावर जांभ्याचे सुटे खडे आहेत. आईंनी उतरू नये, आणि मुलाला नेलेच तर ओहोटीला न्यावे व पाण्यात पाऊल घालू देऊ नये. घळीत शिरलेली लाट परत फिरताना वाळूसकट ओढते आणि हाका मारल्या तर वर ऐकू जात नाहीत, कारण वारा आवाज वरच्या वर घेऊन जातो.

आता ओहोटी केव्हा असेल हे घरबसल्या कसे काढायचे ते सांगतो. पंचांगातली तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती, पहाटेची आणि दुपारची. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, तिला आम्ही सुकती म्हणतो. थोडा फरक पडतो, परंतु बेत आखायला हा हिशोब पुरेसा आहे.

याचा तुम्हाला उपयोग असा: त्रयोदशीपासून पुढच्या प्रतिपदेपर्यंतच्या दिवसांत भरती सकाळी उशिरा किंवा दुपारच्या सुमारास होऊन जाते आणि संध्याकाळी पाणी बाहेर असते. तेव्हा उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी जसे जास्त चढते तसे जास्त उतरतेही, आणि खालची वाळू पुष्कळ उघडी पडते. उलट सप्तमी, अष्टमी, नवमीला पूर्ण भरती नेमकी सूर्यास्ताच्या आसपास येते. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची, भरती उधाणाइतकी चढत नाही हे खरे, तरीही इतक्या अरुंद पुळणीवर फारसे काही उरत नाही. लोक सुट्टी आणि रविवार बघून येतात, तिथी बघून येत नाहीत, आणि मग एकाला विस्तीर्ण वाळू दिसते व दुसऱ्याला नुसता फेस दिसतो.

वाटेत पूर्णगडाला अर्धा तास जरूर द्या. मुचकुंदीच्या मुखावरचा हा किल्ला अगदी छोटा आहे, चढ बेताचा आहे, आणि समुद्राकडच्या दरवाजातून खाली पाहिले की खाडीचे मातकट पाणी आणि समुद्राचे निळे पाणी जिथे मिळते ती रेघ स्पष्ट दिसते. होड्या त्या रेघेवरून आत वळताना पाहणे तुमच्या मुलाला नक्की आवडेल.

कातळवेडा

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मला कड्याच्या दगडाबद्दल आणि सड्याबद्दल लिहायचे आहे, कारण कड्यावर येणारी बहुतेक माणसे पायाखाली पाहतच नाहीत.

सड्याचा वरचा थर जांभ्याचा आहे. तो उन्हापावसात टणक होत जातो, म्हणून वरून भक्कम वाटतो. परंतु त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी मऊ, मातीसारखा थर असतो. लाटा आणि झिरपणारे पाणी तो खालून पोखरत राहतात आणि वरचे कवच पुढे झुकून अधांतरी राहते. कड्याच्या टोकावर उभा असलेला माणूस ते बघू शकत नाही, बाजूने पाहणाऱ्यालाच ते दिसते. खाली पडलेल्या मोठमोठ्या शिळा म्हणजे कधीकाळी तुटून पडलेली अशीच टोके आहेत. कडेपासून किमान माणसाच्या दोन उंची इतके अंतर राखावे, आणि छायाचित्रासाठी कोणी कडेवर पाय सोडून बसत असेल तर त्याला तिथून उठवावे. यात भीड धरू नये.

दुसरे म्हणजे कशेळीचा सडा कातळशिल्पांचा आहे. इथे जांभ्यात कोरलेला एक प्रचंड हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या देहाच्या रेषेच्या आत आणखी कितीतरी लहान प्राणी, पक्षी आणि मासे कोरलेले आहेत. उभे राहून एका नजरेत तो हत्ती मावत नाही. सोंडेची रेषा धरून हळूहळू बाजूने चालत गेल्यावर पाय सापडतात, मग पाठ सापडते, आणि तेव्हा कुठे लक्षात येते की आपण एका देहाला वळसा घातला आहे. २०२२ साली कोकणातली जी कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसायमळ यांच्याबरोबर कशेळीही आहे.

ही शिल्पे भर दुपारी पाहू नयेत. डोक्यावरच्या उन्हात खाचेत सावलीच पडत नाही आणि कोरीव रेषा दगडात विरून जातात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर तिरपा प्रकाश आला की बोटभर खोल रेषाही उठून दिसते. पाणी ओतून किंवा खडूने रेषा गिरवून छायाचित्रे काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्याचे फार वाईट वाटते. हजारो वर्षे या पावसात टिकलेली रेषा आपल्या हातून पुसट होता कामा नये. गावातल्या माणसाला विचारून, त्याच्याबरोबर, पादत्राणे बाहेर काढून जावे. जमिनी खाजगी आहेत, तिथे गुरे चरतात, आणि पाहुण्याने परवानगी मागितली की गावकरी मोठ्या आपुलकीने सगळे दाखवतात.

डिसेंबरात सडा पिवळा, वाळलेला दिसेल. कधी पुन्हा येणे झाले तर गणपतीनंतर या. सीतेची आसवे आणि गेंद यांनी सगळा कातळ जांभळा आणि पांढरा होतो. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस कोकण दीपकाडीची पांढरी फुले उमलतात. ही वनस्पती रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या अशा सड्यांवरच वाढते, म्हणून सड्यावर गाडी वाटेल तिथे घालू नये.

मृगधारा

इथे सगळे हिवाळ्याची शिफारस करत आहेत, तेव्हा पावसाळ्याची बाजूही नोंदवते. ज्याला वारा अनुभवायचा आहे त्याने जुलैत यावे. नैर्ऋत्येकडून येणारा तो वारा दिवसरात्र थांबत नाही, पाऊस वरून न पडता समोरून येतो, आणि कड्याखाली फुटलेल्या लाटेचे पाणी वर उडून चेहऱ्यावर खारट लागते. वावझड म्हणजे काय हे तेव्हा समजते. छत्रीचा काही उपयोग नसतो. समुद्रगरुड अशा वाऱ्यातही कड्याच्या कडेला, आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, पंख न हलवता तरंगत असतो आणि फक्त शेपटीची पिसे किंचित फिरवून जागा राखतो. मी हे पाहिले आहे आणि हिवाळ्यातल्या कोणत्याही सूर्यास्तापेक्षा मला ते मोठे वाटते.

खलाशीपुत्र

मृगधाराताई, तुमचे वर्णन अगदी खरे आहे, तरीही सरसकट सगळ्यांना जुलैत बोलावणे मला पटत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि कोणी पाण्यात गेलेच तर त्याला काढायला समुद्रात माणूस नसतो. धुके उतरले की सड्यावर कडा कुठे संपतो तेही कळत नाही. स्थानिक माणूस सोबत असेल आणि कडेपासून लांब राहून पाहायचे असेल तर जरूर यावे, परंतु शेवाळलेल्या वाटेने पावसाळ्यात खाली उतरू नये, हे मी ठामपणे सांगतो.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आईला प्रतिसाद वाचून दाखवले, आणि कनकादित्याची कथा ऐकल्यावर तिनेच मुक्काम वाढवायला सांगितले. आम्ही कशेळी-आडिवरे परिसरात एक रात्र राहू आणि विजयदुर्गला दुसऱ्या दिवशी जाऊ. पंचांग पाहिले तर आमच्या तारखेला सप्तमी येते, म्हणजे संध्याकाळी भरती. सुट्टी बदलता येत नाही. मग पुळण सोडून द्यावी का? आणि दुसऱ्या दिवशी विजयदुर्गला किती वाजेपर्यंत निघावे?

खलाशीपुत्र

सोडून देण्याची गरज नाही. सप्तमीला सातांची पाऊणपट सव्वापाच, म्हणून पूर्ण भरती संध्याकाळी सव्वापाचला आणि त्याआधीची ओहोटी सकाळी अकराच्या सुमारास. पहिल्या दिवशी संध्याकाळी फक्त कड्यावरून बघा. भरतीच्या वेळी लाट घळीत शिरून वर उसळते, ते वरूनच चांगले दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात हत्ती पाहून घ्या. त्या दिवशी अष्टमी असेल, ओहोटी बाराच्या सुमारास होईल, तेव्हा साडेदहाला मुलाला घेऊन खाली उतरा आणि साडेअकराच्या आत वर या, म्हणजे पाणी फिरण्याआधी तुम्ही सुरक्षित असाल. आई तेवढा वेळ आडिवऱ्याच्या महाकालीच्या देवळात बसू शकतील, किंवा निवासातच विश्रांती घेतील.

विजयदुर्गासाठी दुपारी जेवून लगेच निघा. जैतापूरपर्यंत रस्ता सरळ दिशेने जातो, पण विजयदुर्ग वाघोटण खाडीच्या पलीकडच्या तोंडावर आहे आणि मुखाशी पूल नाही, त्यामुळे खाडीला आतून वळसा घालून यावे लागते. नकाशातले सरळ अंतर बघून वेळ ठरवू नका, आणि अंधार पडायच्या आत पोहोचा, कारण त्या भागात रस्त्यावर दिवे कमी आहेत आणि संध्याकाळी गुरे घराकडे परतत असतात. निवासासाठी फोन कराल तेव्हा आईंना जिना चढावा लागणार नाही अशी खोली मागून घ्या; बऱ्याच घरांत पाहुण्यांच्या खोल्या माडीवर असतात.